विशेषणांची उतरंड

१

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना विभागातल्या चर्चासत्रात मी एक निबंध वाचला. आयुष्यातला पहिलाच इंग्रजी निबंध. निबंध संपला तेव्हा अध्यक्षस्थानी बसलेले ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, अभ्यास चांगला आहे, पण सूर जरा 'मॅनिश' आहे. दोन-तीन जण हसले. मीही हसले. तो शब्द मला ठाऊक नव्हता. पण त्यात 'मॅन' होता, म्हणून तो कौतुकाचाच असणार असे मी धरून चालले.

तसे धरून चालायला कारण होते. माझी आई शेतमजूर. आमच्या वस्तीत तिच्याविषयी बोलताना लोक म्हणत, 'गड्यावाणी बाई हाय.' धान्याचे पोते पाठीवर घेणे, विहिरीच्या कामावर दगड उचलणे, रात्री पाणी धरायला जाणे, हे सगळे ती करी. 'गड्यावाणी' हे आमच्याकडे बाईला मिळणारे सर्वांत मोठे प्रशस्तिपत्र होते. तेच प्रशस्तिपत्र मला विद्यापीठात इंग्रजीतून मिळाले, असे मला वाटले.

रात्री वसतिगृहात कोश उघडला. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी जे कोश निघतात त्यांत काही शब्दांपुढे 'नापसंतीदर्शक' अशी खूण असते. 'मॅनिश'पुढे ती खूण होती. जी बाई पुरुषासारखी दिसते वा वागते तिच्यासाठी वापरायचा, बरा न वाटणारा शब्द. मी कोश मिटला, आणि त्या रात्री मला दुसरीच एक गोष्ट आठवली. आईला लोक 'गड्यावाणी' म्हणत, पण शनिवारी बाजाराच्या दिवशी हिशेब होई तेव्हा तिच्या हातावर रोज पडे तो बाईचा. गड्याचा रोज वेगळा, बाईचा रोज वेगळा. समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला होता, पण तो आमच्या शिवारापर्यंत आला नव्हता. विशेषण गड्याचे, रोज बाईचा.

आज मी तालुक्याच्या एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. ज्या विषयाने मला त्या रात्री गप्प केले तोच विषय मी दरवर्षी फळ्यावर मांडते. चळवळीतले काही मित्र म्हणतात, 'इंग्रजी विशेषणांनी कुणाचे पोट भरते? तुमचे हे प्राध्यापकी चोचले आहेत.' हा लेख त्या मित्रांसाठीच आहे. विशेषणाने पोट भरते, आणि विशेषणाने पोट मारलेही जाते, एवढेच मला दाखवायचे आहे.

२

फळ्यावर मी दोन रकाने आखते. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला स्त्री. मग शब्द लिहिते: मॅनली आणि वूमनली, मॅनिश आणि वूमनिश, मॅस्क्युलिन आणि फेमिनिन, बॉयिश आणि गर्लिश. वरवर पाहता या जोड्या तराजूच्या दोन पारड्यांसारख्या दिसतात. विद्यार्थ्यांनाही तसेच वाटते. मग मी त्यांना एकच प्रश्न विचारायला सांगते: हा शब्द बाईला लावला तर काय होते, आणि गड्याला लावला तर काय होते?

'मॅनली' पुरुषाला लावा, तो खूश. धैर्य, सरळपणा, निश्चय, सारे त्यात येते. 'वूमनली' बाईला लावा, तिचीही स्तुतीच. पण त्या स्तुतीत काय येते? माया, सोशिकपणा, मृदुता. म्हणजे दुसऱ्यांच्या उपयोगी पडणारे गुण. आता अदलाबदल करा. बाईला 'मॅनली' म्हटले तर ती अडखळत केलेली स्तुती होते, कपाळावर आठी ठेवून केलेली. पुरुषाला 'वूमनली' म्हटले तर त्याची मान खाली जाते.

'मॅनिश' आणि 'वूमनिश' यांची गंमत आणखी वेगळी. 'मॅनिश' हा शब्द पुरुषाला कधी लागतच नाही, तो बाईसाठी राखून ठेवलेला आहे. 'वूमनिश' हा बहुतेक वेळा पुरुषासाठी. दोन्हींपुढे कोशात तीच नापसंतीची खूण. शब्दाच्या शेवटी येणारा हा 'इश' प्रत्यय देशांच्या नावांना लागतो तेव्हा निरुपद्रवी असतो, इंग्लिश, टर्किश वगैरे. पण सामान्यनामाला लागला की बहुधा नाक मुरडतो. 'चाइल्डलाइक' म्हणजे बालसुलभ, निरागस. 'चाइल्डिश' म्हणजे पोरकट. मग 'बॉयिश' या शब्दात तो नाक का मुरडत नाही? साठ वर्षांच्या पुढाऱ्याचे हसू 'बॉयिश' असले तर वर्तमानपत्रे त्याचे कौतुक करतात. त्याच पुढाऱ्याचे हसू 'गर्लिश' आहे असे लिहिले तर अब्रुनुकसानीची नोटीस येईल. प्रत्यय तोच आहे. फरक मुलगा आणि मुलगी यांच्या किमतीत आहे.

एका शब्दाला तर जोडीदारच नाही. 'इफेमिनेट' म्हणजे बायकी झालेला पुरुष. लॅटिनमधल्या 'स्त्री' या शब्दापासून तो बनला आहे. स्त्रीपण अंगात शिरले की पुरुष बिघडतो, हा सिद्धांतच या विशेषणाच्या पोटात आहे. पुरुषपण शिरल्याने बिघडलेली बाई सांगायला लॅटिनमधून असा शब्द इंग्रजीत रुळला नाही. जो आला त्याची कथा बोलकी आहे. 'व्हिरागो' म्हणजे पुरुषाच्या तोडीची, पराक्रमी स्त्री. मूळ धातू 'व्हिर', म्हणजे पुरुष. त्याच 'व्हिर'पासून 'व्हिराइल' आला, म्हणजे वीर्यवान. आणि 'व्हर्च्यू'ही आला, म्हणजे सद्गुण! रोमन लोकांच्या लेखी सद्गुण म्हणजे मुळात पुरुषपण. पण हाच 'व्हिर' बाईच्या वाट्याला आला तेव्हा 'व्हिरागो'चा अर्थ इंग्रजीत घसरत घसरत 'कजाग, भांडखोर बाई' इथवर आला. १९७३ साली लंडनमध्ये स्त्रियांनी प्रकाशनसंस्था काढली तेव्हा तिला मुद्दाम हेच नाव दिले. शिवी उचलून पाटीवर लिहिली. दलित वाचकाला ही कृती नवी वाटू नये.

फळ्यावरच्या या सगळ्या खटाटोपातून एक नियम हाती लागतो. पुरुषात स्त्रीचा गुण आला की तो खाली पडतो. स्त्रीत पुरुषाचा गुण आला की ती वर चढत नाही. चढू पाहिल्याचा तिच्यावर आरोप येतो. वाचकांनी क्षणभर थांबून विचार करावा, हा नियम आपण कुठे पाहिला आहे? वरच्याने खालच्याचे काम केले तर विटाळ, आणि खालच्याने वरच्याचे केले तर उर्मटपणा. घोड्यावर बसलेला नवरदेव, कडक इस्त्रीचा सदरा, मिशीला पीळ: हे सगळे आमचे 'मॅनिश' गुन्हेच होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातीला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. इंग्रजी भाषेतली ही विशेषणे त्याच जातीची आहेत. ती माणसाचे वर्णन करत नाहीत, त्याला त्याची पायरी दाखवतात.

३

हे नेहमीच असे होते काय? भाषेचा इतिहास सांगतो की नव्हते.

जुन्या इंग्रजीत 'मन' या शब्दाचा अर्थ माणूस असा होता. बाई म्हणजे 'विफमन', तिच्यातूनच आजचा 'वूमन' झाला. आणि पुरुष म्हणजे 'वेपनेडमन', शस्त्र असलेला माणूस. म्हणजे दोघेही माणूस, दोघांनाही एकेक विशेषण. पुढे काळाच्या ओघात पुरुषाने आपले विशेषण टाकून दिले आणि 'माणूस' हा अख्खा शब्द स्वतःच्या नावे करून घेतला. बाईचे विशेषण मात्र तिला चिकटून राहिले. सामायिक जमीन एका भावाच्या नावे लागावी तसा हा प्रकार आहे.

हे वाचताना मला माझी वस्ती आठवते. आमच्याकडे आजही म्हातारी माणसे 'बाईमाणूस' आणि 'बाप्यामाणूस' असे म्हणतात. दोघेही माणूस. जे इंग्रजांनी हजार वर्षांपूर्वी गमावले ते आमच्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बोलीत शिल्लक आहे. अर्थात फार हुरळून जाण्याचे कारण नाही. 'माझा माणूस' म्हणजे नवरा, हेही त्याच बोलीत आहे, आणि 'मी बाईमाणूस, मला काय कळतंय' हेही.

'लेडी' या शब्दाची मूळकथा तर अधिक झोंबणारी आहे. जुन्या इंग्रजीत तिचा अर्थ भाकरीचे पीठ मळणारी असा होता, आणि 'लॉर्ड' म्हणजे भाकरीचा राखणदार. पुढे राखणदार मालक झाला आणि त्याची बायको 'लेडी' झाली. मग पीठ मळायला दुसऱ्या बाया आल्या आणि जिच्या हाताला पीठ लागत नाही ती 'लेडी', असा अर्थ उलटला. 'लेडीलाइक' हे विशेषण त्या उलटलेल्या अर्थावर उभे आहे. भाकरी मळणाऱ्या माझ्या आईला ते मुळाप्रमाणे सर्वांत आधी लागायला हवे होते. ते तिला कधीच लागणार नव्हते.

४

इंग्रजी वाङ्मय शिकवताना ही विशेषणे पानोपानी भेटतात, आणि आपण ती न थांबता ओलांडतो. शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'चा तिसरा अंक घ्या. मित्र मारला गेल्यावर रोमिओ स्वतःला दोष देतो, ज्युलिएटच्या रूपाने मला 'इफेमिनेट' केले. म्हणजे तलवार न उपसण्याची, भांडण टाळण्याची जी शहाणीव त्याला प्रेमातून आली होती, तिला तो बायकीपणा म्हणतो. तो बायकीपणा झटकण्यासाठी तो टायबाल्टला ठार करतो आणि सर्वनाश सुरू होतो. पुढे त्याच अंकात तो रडतो तेव्हा धर्मगुरू त्याच्या अश्रूंना 'वूमनिश' म्हणून दटावतो. वर्गात आम्हाला हे नाटक अमर प्रेमकथा म्हणून शिकवले गेले. एका विशेषणाच्या धाकाने माणूस कसा खुनी होतो, अशीही ती कथा आहे, हे कुणी सांगितले नाही.

मेरी वुल्स्टनक्राफ्ट हिने १७९२ साली स्त्रियांच्या हक्कांचा ग्रंथ लिहिला तेव्हा सुरुवातीलाच तिला 'मॅस्क्युलिन' या विशेषणाशी झगडावे लागले. तिचे म्हणणे असे की शिकार आणि जुगार यांचे वेड म्हणजे 'मॅस्क्युलिन' होणे असेल तर त्याला माझाही विरोध आहे. पण ज्या गुणांनी माणूस उंच होतो ते गुण बाणवणे असा त्याचा अर्थ असेल तर स्त्रिया दिवसेंदिवस अधिक 'मॅस्क्युलिन' होवोत. हे धाडस मोठे होते. तरी त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. उंच करणारे गुण पुरुषांचे, हे तिने गृहीत धरले. शिडीवर चढण्याचा हक्क मागितला, शिडी कुणी आणि का उभी केली हे तिथे विचारले नाही. आपल्याकडे १८८२ साली ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली आणि वेगळा मार्ग घेतला. बाईला चिकटवलेला एकेक दुर्गुण त्यांनी उचलला आणि हाच दुर्गुण तुमच्यात नाही काय, असे पुरुषांना विचारले. जोतीराव फुले त्यांच्या पाठीशी उभे राहिले. मी फळ्यावर जी अदलाबदल करायला सांगते ती ताराबाईंचीच रीत आहे.

५

आता पोटाचा प्रश्न.

साम्राज्य चालवणाऱ्या इंग्रजाने ही विशेषणे बायकांपुरती ठेवली नाहीत, ती त्याने अख्ख्या समाजांना लावली. मेकॉलेने १८४१ साली वॉरन हेस्टिंग्जवर लिहिलेल्या निबंधात बंगाली माणसाचे शरीर आणि स्वभाव बायकी ठरवला. १८८३ साली इल्बर्ट विधेयक आले, हिंदी न्यायाधीशांना युरोपियनांचे खटले चालवू देण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा विरोध करणाऱ्या गोऱ्यांच्या हातात हेच विशेषण होते. 'मॅनली' इंग्रजाचा न्याय 'इफेमिनेट' बाबूने कसा करावा? मृणालिनी सिन्हा यांनी १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या दोन विशेषणांचे राजकारण सविस्तर उलगडले आहे.

बंगाली बाबूची नोकरी काही प्रमाणात या विशेषणाने अडवली, पण आमचे काय झाले? मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपाई सुरुवातीपासून होते. १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत मेलेल्यांची नावे तिथल्या स्तंभावर कोरलेली आहेत. त्यांतल्या 'नाक' शेवटी असलेल्या नावांनी आमची ओळख पटते. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'लढाऊ जातीं'चा सिद्धांत आला. १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचा सरसेनापती असलेला लॉर्ड रॉबर्ट्स त्याचा मोठा पुरस्कर्ता. कोण 'मॅनली', कोण नाही, याच्या याद्या झाल्या आणि १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली. भरती बंद म्हणजे पगार बंद, निवृत्तिवेतन बंद, आणि पलटणीतल्या शाळाही बंद. ज्या पलटणीच्या शाळेत सुभेदार रामजी शिकवत होते, तो दरवाजा आमच्या तोंडावर लावला गेला. गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली अर्ज केले. पहिल्या महायुद्धात १९१७ साली महारांची पलटण उभी राहिली आणि १९२१ साली मोडली. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत अर्धशतक गेले. एका विशेषणाने किती पोटे मारली, याचा हिशेब मित्रांनी करावा.

आमच्या पूर्वजांचे अर्ज मी कृतज्ञतेने वाचते. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. पण आज वाचताना एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. त्या झगड्यात आम्हीही 'मॅनली' आहोत हे सिद्ध करावे लागले. शिडी तशीच राहिली, आणि त्या शिडीवर आमच्या बायका कुठेच नव्हत्या.

६

बाईला वर्णाची किंवा जातीची जोड मिळाली की या विशेषणांचे काय होते, हे पाहायला अमेरिकेत जावे लागते. आमच्या चळवळीने १९७२ साली पँथर हे नाव तिथल्या काळ्या बांधवांकडून घेतले; त्यांच्या बहिणींचा अनुभव मात्र आपण पुरेसा वाचला नाही.

आयडा बी. वेल्स ही गुलामीत जन्मलेली, शाळामास्तरीण झालेली तरुण मुलगी. टेनेसीमध्ये रेल्वेने जाताना ती 'लेडीज' डब्यात तिकीट काढून बसली. तिला उठायला सांगितले, ती उठली नाही, तेव्हा ओढून काढले. तिने कंपनीवर दावा लावला. १८८४ साली खालच्या कोर्टाने तिला ५०० डॉलर भरपाई दिली. १८८७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. 'लेडी' या शब्दाचा अर्थ कोशात काहीही असो, डब्याच्या दारात त्याचा अर्थ गोरी असा होता. आमच्या वाचकाला हे समजावून सांगावे लागणार नाही. सार्वजनिक विहिरीवरच्या 'सार्वजनिक' या विशेषणाचा अर्थ आम्हाला दोराशिवाय कळला आहे.

इतिहासकार बार्बरा वेल्टर यांनी १९६६ साली एकोणिसाव्या शतकातल्या 'खऱ्या स्त्रीत्वा'ची चार लक्षणे दाखवली: धार्मिकता, पावित्र्य, आज्ञाधारकपणा, घरगुतीपणा. मळ्यात कापूस वेचणारी, जिची मुले विकली जात, जिला नकार देण्याची सोय नव्हती, ती या चौकटीत बसणार कशी? तिला 'फेमिनिन' होण्याची मनाई होती, आणि नाही म्हणून दोषही तिचाच.

सोजर्नर ट्रूथ हिचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. १८५१ साली ओहायोत अॅक्रन इथल्या स्त्रियांच्या परिषदेत ती बोलली. 'मी बाई नाही का' अशा अर्थाचे जे पालुपद आज तिच्या नावावर आहे, ते त्याच वर्षी छापलेल्या वृत्तांतात नाही. १८६३ साली फ्रान्सिस गेज या गोऱ्या बाईने लिहिलेल्या आठवणीत ते आले. त्यातली भाषाही दक्षिणेतल्या गुलामांची आहे, आणि सोजर्नर तर न्यूयॉर्क राज्यातली, तिची पहिली भाषा डच. म्हणजे तिची बाजू घेणाऱ्यांनीही तिला आपल्या कल्पनेतला आवाज चढवला. दलित बाईची कैफियत दुसऱ्याच्या लेखणीतून येते तेव्हा काय होते, याचा हा धडाच आहे.

पण मला अधिक जवळची वाटते ती १८५८ ची घटना. इंडियानात तिच्या सभेत काही लोकांनी आरडाओरड केली की ही बाई नाही, हा पुरुष आहे, हिचा आवाज बाईचा नाही. बाई असल्याचा पुरावा मागितला. भरसभेत तिने आपले स्तन उघडे करून दाखवले आणि सांगितले की लाज माझी नाही, तुमची आहे. याच स्तनांचे दूध तिने गोऱ्यांच्या मुलांना पाजले होते. ती घटना मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला माझे चर्चासत्र आठवले. माझ्यावर तसा प्रसंग आला नाही, तुलना मी करत नाही. पण आक्षेप एकच होता. जी बाई ठामपणे बोलते तिच्या बोलण्याला उत्तर द्यायचे नसेल, तर तिच्या आवाजाला विशेषण लावायचे.

या सगळ्यातून वाट कुणी काढली? काळ्या आयांनी. त्यांच्या बोलीत 'वूमनिश' हा शब्द वेगळ्याच अर्थाने जिवंत होता. वयाच्या मानाने आगाऊ, धीट, सगळे जाणून घ्यायला निघालेल्या मुलीला आई 'वूमनिश' म्हणे. आमच्या आया म्हणतात तसे, 'लई शहाणी झालीस, आजीबाईवाणी बोलाया लागलीस.' त्यात दटावणी असते आणि अभिमानही. अॅलिस वॉकर यांनी १९८३ साली आपल्या निबंधसंग्रहात या घरगुती शब्दापासून 'वूमनिस्ट' हा शब्द घडवला आणि काळ्या स्त्रीच्या विचाराला नाव दिले. कोशाने ज्याच्यापुढे नापसंतीची खूण केली होती, त्या शब्दाला चुलीपाशी प्रतिष्ठा होती.

७

आता थोडे आपल्या घराविषयी. हे लिहिणे मला सोपे नाही, पण टाळले तर वरचे सगळे परप्रांताची टवाळी ठरेल.

गेल्या वर्षी आमच्या तालुक्यात एका अत्याचाराच्या प्रकरणात मोर्चा निघाला. आरोपींना अटक होत नव्हती. मोर्चात निम्म्याहून अधिक बाया होत्या, रोज बुडवून आलेल्या. कचेरीपाशी पोचल्यावर कार्यकर्त्यांनी अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर केला. 'बांगड्या भरा' अशा घोषणा झाल्या. माझ्या शेजारी माझ्याच वर्गातल्या एका मुलीची आई उभी होती. तिने हात वर केला होता, घोषणा ती देत होती, आणि तिच्या मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या वाजत होत्या. त्या वेळी मी काही बोलले नाही. माझाही हात वर होता.

आपण त्या अधिकाऱ्याला काय म्हणालो? तू 'वूमनिश' आहेस. म्हणजे तू या मोर्चातल्या बायांसारखा आहेस. पण त्या बाया तर तिथे उभ्या होत्या, उन्हात, निर्भयपणे. भित्रा होता तो आत पंख्याखाली. ज्या बांगड्यांनी मोर्चा भरला त्याच बांगड्या आपण नामुष्की म्हणून ताटात घातल्या. १९४२ साली नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली, हजारो बाया जमल्या. ते सगळे हात बांगड्यांचेच होते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' लिहून त्या हातांची नोंद ठेवली. ती नोंद वाचलेल्या चळवळीने बांगडीची शिवी करावी?

आपल्या वाङ्मयातही हेच आहे. 'नामर्द', 'षंढ', 'बायल्या' ही विशेषणे आपल्या विद्रोहाच्या भाषेत सर्रास येतात. प्रस्थापितांच्या व्याकरणाला नकार देणारे आपण, त्यांची ही उतरंड मात्र जशीच्या तशी डोक्यावर घेतली. 'षंढ' म्हणताना ज्यांना आपण पायाखाली घालतो, त्या तृतीयपंथी माणसांना २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. न्यायालयाला जे कळले ते कवितेला कळू नये, हे कवितेला शोभणारे नाही.

कुणी म्हणेल, रागाच्या भरात माणूस शब्द निवडत बसत नाही. पण जातीवरून दिलेल्या शिवीला आपण हे उत्तर चालवून घेतो काय? आपणच जगाला शिकवले की तोंडातून सहज निघालेला शब्द हा सर्वांत जुना साक्षीदार असतो.

इंग्रजीने गेल्या काही दशकांत 'चेअरमन'चा 'चेअरपर्सन' केला, 'पोलिसमन'चा 'पोलिस ऑफिसर' केला. हे चांगलेच झाले. पण नामे परिपत्रकाने बदलता येतात, विशेषणे नाहीत. ती जिभेवर राहतात, आणि जिथे परिपत्रक पोचत नाही अशा ठिकाणी काम करतात: मुलाखतीच्या खोलीत, मजुरीच्या हिशेबात, सभेच्या घोषणेत.

म्हणून वर्गात मी विद्यार्थ्यांना ही विशेषणे पाठ करायला सांगत नाही. दोन रकाने आखायला सांगते आणि अदलाबदल करायला सांगते. जो शब्द एका रकान्यात मान आणि दुसऱ्यात अपमान होतो, त्याच्याखाली रेघ मारा म्हणते. मग तेच काम मराठी शब्दांवर करायला सांगते, आणि शेवटी आपल्या स्वतःच्या घोषणांवर. तिसऱ्या फेरीला वर्ग शांत होतो.

यंदा त्या तिसऱ्या फेरीत मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, 'मॅडम, मग पुढच्या मोर्चात त्या साहेबाला काय न्यायचं?'

मी तिला सांगितले ते इथेही सांगते. त्याचे जे आहे तेच त्याला न्यावे. तो भित्रा असेल तर भित्रा म्हणावे, विकला गेला असेल तर विकला गेलेला म्हणावे. मराठीत यासाठी शब्द पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या एकाही शब्दाला तुझ्या आईची बांगडी लागत नाही.